उतारेबाई परीक्षेला बसल्या

माझा दवाखाना तळमजल्यावर आणि वहिनीचा क्लास बरोबर त्याच्या डोक्यावर. मी दातांचा डॉक्टर. खाली खुर्चीत एखादा पेशंट "आई गं!" म्हणून ओरडला की वर नवीन आलेली मुलं दचकून एकमेकांकडे बघायची. वहिनी मान वर न करता सांगायची, "काही नाही, मागच्या बॅचचा मुलगा आहे. समानार्थी शब्द चुकला."

कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला दोन भाग असतात, गणित आणि भाषा. भाषेत उतारे वाचायचे, खालच्या प्रश्नांना चार पर्यायांतून एक निवडायचा, गाळलेल्या जागा भरायच्या, जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या शब्दांतला फरक ओळखायचा. वहिनी हा भाषेचा भाग शिकवायची. मुलं तोंडावर 'बाई' म्हणायची आणि जिन्यात 'उतारेबाई'. तिला ते ठाऊक होतं. जिना माझ्या दवाखान्यातून ऐकू येतो आणि माझ्या पोटात काही राहत नाही.

तिच्याकडे ढ मुलं येत नसत. तिचं म्हणणं, ढ मुलांना काही अडचणच नसते. ती उतारा वाचतात, जे लिहिलंय ते उत्तर देऊन मोकळी होतात. तिच्याकडे यायची ती हुशार मुलं. गणितात पैकीच्या पैकी, विज्ञानात पैकीच्या पैकी आणि भाषेत धाडकन आपटलेली. या मुलांना चारही पर्याय बरोबर वाटायचे. एकेका पर्यायाची बाजू अशी मांडायची की वकिलाने वही काढून टिपून घ्यावं. वहिनी ऐकून घ्यायची आणि विचारायची, "हे सगळं छान आहे, पण उताऱ्यात कुठे आहे? बोट ठेव." बोट हवेत फिरायचं आणि शेवटी नाकावर जाऊन टेकायचं.

हे काम तिला जमायला कारण होतं. त्याआधी ती विमा कंपनीत नकाराची पत्रं लिहायची. तिचं पत्र वाचून माणसं आभाराचा फोन करायची आणि फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात यायचं की आपल्याला काहीच मिळालेलं नाही. शब्द काय सांगतो आणि काय लपवतो, हे तिला तिथे कळलं. पुढे त्या कंपनीला दुसऱ्या कंपनीने गिळलं आणि वहिनी घरी बसली. घरी बसणं तिला आठवडाभर जमलं. मग तिने शेजारणीच्या मुलाला पकडलं आणि क्लास सुरू झाला.

शिकवण्याची तऱ्हाही तिचीच. ती मुलांना दोघादोघांनी माझ्या वेटिंग रूममध्ये पाठवायची. मासिक चाळल्यासारखं करायचं आणि पेशंट काय बोलतात ते ऐकायचं. वर गेल्यावर सांगायचं, माणूस काय म्हणाला आणि तुम्ही काय धरून चाललात.

"बाई, ते आजोबा म्हणाले, आता अजिबात दुखत नाहीये. म्हणजे ते घाबरलेत."

"घाबरलेत असं म्हणाले का?"

"नाही, पण उठून दाराकडे गेले."

"मग दाराकडे गेले एवढंच लिही. घाबरले हे तुझं."

तोवर इकडे मी त्या आजोबांना दारातून परत आणत असायचो.

अशा क्लासमध्ये एक दिवस ती मुलगी आली. तिला सगळे शंभरनंबरी म्हणायचे, कारण शंभराखाली ती कधी उतरलीच नव्हती. ताठ पाठ, घट्ट वेणी, टोक केलेल्या सहा पेन्सिली. पहिल्याच दिवशी माझ्या पाटीसमोर थांबली. पाटीवर 'दाताचा दवाखाना' असं लिहिलेलं होतं.

"डॉक्टरकाका, एकाच दाताचा आहे का?"

मी बाहेर येऊन पाटी बघितली. पंधरा वर्षं ती तिथे होती. दुसऱ्याच दिवशी रंगाऱ्याला बोलावून 'ता'च्या डोक्यावर टिंब द्यायला लावलं.

शंभरनंबरीला प्रत्येक शब्दाचा अर्थ पाठ होता. कंजूष आणि काटकसरी यांतला फरक ती शब्दकोशासारखा सांगायची, पण उताऱ्यातला काका नेमका कंजूष की काटकसरी, म्हटलं की अडायची. सराव परीक्षेत भाषेला तिला पहिल्यांदा सत्तरीतले गुण पडले, तेव्हा तिने पेपर उलटा करून पाहिला. उरलेले मागे असतील असं वाटलं असावं.

ठिणगी पडली ती एका शब्दावरून. वहिनी पाणी प्यायला आत गेली आणि परत आली तर वर्ग खिदळत होता. ती म्हणाली, "माझ्या अपरोक्ष काय चाललं होतं?"

शंभरनंबरीने हात वर केला. "बाई, परोक्ष म्हणजे डोळ्याआड. अपरोक्ष म्हणजे डोळ्यांसमोर. तुम्ही आत होतात. म्हणजे ते परोक्ष झालं."

वहिनीने शब्दकोश काढला, बघितला, परत ठेवला. मुलीचं बरोबर होतं. सगळे चुकतात तशीच वहिनीही इतकी वर्षं चुकत होती.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली.

पण शंभरनंबरी थांबणारी नव्हती. "बाई, एक विचारू? तुम्ही स्वतः ही परीक्षा दिली आहे का?"

"आमच्या वेळी नव्हतीच ही."

"आता आहे. वयाची अट नाही. मी वाचलंय."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बाई घाबरल्या." दुसऱ्याने लगेच दुरुस्त केलं, "घाबरल्या असं म्हणाल्या का? बोट ठेव." वर्ग हसून हसून आडवा झाला. आपलंच शस्त्र आपल्यावर उलटलेलं बघून वहिनीच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मी ओळखतो. असली चमक आली की घरातल्यांनी लपावं.

संध्याकाळी तिने जाहीर केलं, "मी परीक्षेला बसतेय."

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, हवामान खात्यातून निवृत्त झालेला. कुठल्याही वाक्याआधी 'बहुतेक' लावल्याशिवाय त्याला बोलता येत नाही. तो म्हणाला, "बहुतेक पास होशील."

"बहुतेक?"

"गणित पण असतं ना त्यात," दादा म्हणाला आणि शहाण्यासारखा वर्तमानपत्रामागे गेला.

मग उलटी गंगा सुरू झाली. शिकवणी संपली की मुलं बाईंना शिकवायला बसायची. शंभरनंबरी मुख्य. ती घड्याळ लावून उतारा समोर ठेवायची आणि म्हणायची, "सुरू." आणि तेव्हा कळलं की आमची उतारेबाई भयंकर सावकाश वाचते. चांगलं वाक्य आलं की थांबायची, पुन्हा वाचायची, मान डोलवायची. वेळ संपायची आणि बाई दुसऱ्या परिच्छेदात रमलेल्या असायच्या.

"बाई, मजा घ्यायची नाही. उत्तर द्यायचं."

"मजा न घेता कसं वाचायचं बाई?" वहिनी तिलाच बाई म्हणायची.

मास्तरीण कडक होती आणि विद्यार्थिनी महाव्रात्य. गणिताची वेळ झाली की वहिनीला तहान लागायची, दारावर कुणीतरी आल्याचा भास व्हायचा. एकदा तर ती थेट दवाखान्यात येऊन खुर्चीत बसली.

"भाऊजी, माझी दाढ दुखतेय असं सर्टिफिकेट द्या."

"कुठली दाढ?"

"तुम्हीच निवडा. चार पर्याय आहेत."

"अक्कलदाढ लिहू?"

"ती तुम्ही गेल्या वर्षीच काढलीत."

"हो ना, म्हणून तर ही परीक्षा देते आहेस."

तिने मला कापसाचा बोळा फेकून मारला. मागोमाग शंभरनंबरी दारात हजर. "बाई, टक्केवारी राहिलीय." वहिनी गुन्हेगारासारखी तिच्यामागून जिना चढून गेली.

या सगळ्यात एक गोष्ट घडत होती. वहिनी प्रत्येक उत्तरावर अडून बसायची. "हेच का बरोबर? मला पटव." आधी शंभरनंबरी म्हणायची, "कारण तेच बरोबर आहे." त्याने वहिनीचं समाधान होईना. मग मुलीला उतारा पुन्हा वाचावा लागायचा, ओळीवर बोट ठेवावं लागायचं. कधी बोट ठेवायला जागाच सापडायची नाही आणि ती हळूच म्हणायची, "थांबा हं, माझंच चुकलं." हे वाक्य त्या मुलीच्या तोंडून तिच्या आईनेही ऐकलं नव्हतं. वहिनी मुद्दाम अडत होती की खरंच, ते मला अजून सांगता येणार नाही. विचारलं की म्हणते, "बोट ठेवा."

परीक्षेच्या सकाळी दादा तिला सोडायला गेला. बहुतेक ऊन पडेल म्हणाला, म्हणून वहिनीने छत्री घेतली. ती वर्गात शिरली तेव्हा तिथली सगळी अनोळखी पोरं उभी राहिली. पर्यवेक्षकांनीही अर्धवट उठून प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा तिच्या हातात दिला. "बरं झालं आलात. वाटायला घ्या."

"बसा, बसा," वहिनी सवयीने मुलांना म्हणाली, गठ्ठा साहेबांना परत केला आणि खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसली. शेजारच्या मुलाने घाबरून आपली पट्टी मधोमध उभी केली.

गणितात तिला जे येत होतं ते तिने सोडवलं आणि बाकीच्यावर, तिच्याच शब्दांत, दयाळू अंदाज केले. भाषा मात्र झकास चालली होती. शेवटच्या उताऱ्यापर्यंत. तो होता शेवाळावर. एक संशोधक एका जुन्या भिंतीवरचं शेवाळ वर्षानुवर्षं मोजत असतो, वर्षाला नखभर सरकणारं. मग नगरपालिका ती भिंत पाडायची ठरवते. आणि उतारा तिथेच संपतो. खाली प्रश्न: लेखकाचा सूर कसा आहे?

वहिनीला सुराशी देणंघेणं राहिलं नाही. भिंतीचं काय झालं? तिने उतारा पुन्हा वाचला. पुन्हा वाचला. संशोधक गप्प बसला असेल का? भांडला असेल? ज्या चुकीसाठी ती मुलांचे कान पिळायची, तीच करत बसली. उताऱ्याबाहेर निघून गेली. घंटा झाली तेव्हा शेवटचे चार प्रश्न कोरे होते.

बाहेर मुलांचा घोळका होता, उत्तरं जुळवत. वहिनी मधे घुसली. "त्या भिंतीचं काय झालं असेल रे?"

"कुठली भिंत?" सगळे म्हणाले.

शंभरनंबरी एकटी म्हणाली, "मलाही तेच वाटत होतं बाई. पण मी आधी प्रश्न सोडवले."

निकाल लागला. शंभरनंबरी भाषेत जवळजवळ शंभर. वहिनी तिच्या बरीच खाली, शिवाय क्लासमधल्या आणखी चौघांच्या खाली. आम्हाला वाटलं ती हसण्यावारी नेईल. ती नाही हसली. जेवून उठली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली. दादा म्हणाला, "बहुतेक तब्येत बरी नाहीये." तब्येतीला काही झालं नव्हतं. लागलं होतं तिला, आणि ते लपवण्याइतकी चांगली पत्रं लिहिण्याची सवय तिला राहिली नव्हती.

मग एका सकाळी मी शटर उघडतोय तर ती क्लासच्या दारावर स्वतःचा निकाल चिकटवत होती, गणितासकट. म्हटलं, "वहिनी, हे कशाला? मुलं जातील ना."

"जिन्यात कुजबुजण्यापेक्षा अपरोक्ष बोलू देत," ती म्हणाली. "अपरोक्ष म्हणजे काय, माहितीये ना?"

दोन मुलं गेली खरी. पण नवीन प्रवेशाला आलेली एक आई निकाल वाचून थेट म्हणाली, "बाई, तुम्हालाच कमी पडलेत की."

"हो ना. पाय कुठे घसरतो ते आता मला आतून माहितीये. बसा, दाखवते."

त्या बाईने मुलगा ठेवला, वर बहिणीचीही मुलगी आणून सोडली.

भिंत मात्र वहिनीच्या डोक्यातून जाईना. शेवटी ती गावातल्या कॉलेजात गेली आणि वनस्पतिशास्त्राच्या बाईंना गाठलं. त्यांनी त्या संशोधकाचं लेखन वाचलं होतं. "भिंत पाडली," त्या म्हणाल्या, "पण त्याआधीच शेवाळ शेजारच्या भिंतीवर पोचलं होतं. तो नुसती खुर्ची उचलून तिकडे जाऊन बसला." वहिनी इतकी मोठ्याने हसली की प्रयोगशाळेतून दोघं डोकावले. त्या बाईंनी सहज विचारलं, "प्रवेश परीक्षा दिली आहेत का?"

"दिली आहे," वहिनी म्हणाली, आणि हे वाक्य तिने ज्या तोऱ्यात म्हटलं असेल ते मला दिसतं.

भाषेच्या गुणांनी गणिताचं पाप झाकलं आणि तिला त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्राला प्रवेश मिळाला. आता सकाळी कॉलेज, संध्याकाळी क्लास. शंभरनंबरी दूरच्या कॉलेजात गेली. फोनवर दोघी एकमेकींना सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसलं ते सांगतात आणि शब्दांवरून भांडतात.

गेल्या महिन्यात घरी कॉलेजातून फोन आला. दादाने उचलला. पलीकडे नवीन लागलेला कारकून होता. वय वगैरे न बघता यादीतले नंबर फिरवत असावा.

"तुमच्या मुलीची हजेरी कमी भरतेय. शिवाय वर्गात शेजारच्या मुलींना हसवते अशी तक्रार आहे. पालकांनी येऊन भेटावं."

दादाने नीट ऐकून घेतलं. कपाटातून कोट काढला, बूट पुसले आणि पालक म्हणून भेटायला गेला. मला वाटलं, जाऊन खुलासा करून येईल. त्याने एका शब्दाने खुलासा केला नाही. कारकुनासमोर मान खाली घालून बसला, सगळ्या तक्रारी ऐकल्या आणि म्हणाला, "घरीही तेच आहे हो. आम्ही फार लाडावून ठेवलंय."

आणि या वेळी त्याने 'बहुतेक' लावलं नाही.