पाण्याच्या तपासणीचं पान

नरहर आष्टीकर सर पुस्तक पारखायचे ते एका पानावरून. जून उजाडला की संभाजीनगरहून एजंट नमुना प्रती घेऊन त्यांच्या विभागात येत आणि टेबलावर ढीग लावत. सर मुखपृष्ठ पाहत नसत, लेखकाच्या पदव्याही वाचत नसत. अनुक्रमणिकेवरून बोट फिरवून ते थेट पिण्याच्या पाण्याच्या तपासणीचं पान काढत. बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेणाऱ्या त्यांच्या पोरापोरींतला संशोधक एखादाच होणार, हे त्यांना ठाऊक होतं. बाकीचे डेअरीत, रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये, नाहीतर गावोगाव निघालेल्या जारच्या पाण्याच्या प्लांटवर लागणार. ज्या मुलखात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, तिथं निदान हे एक पान तरी बरोबर असावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

पान तसं सोपं. पाण्याचा नमुना लॅक्टोजच्या द्रावणात मिसळून काचेच्या नळ्यांत भरायचा. प्रत्येक नळीत एक छोटी नळी उलटी सोडलेली असते. नळ्या इनक्युबेटरच्या उबेत ठेवायच्या. पाण्यात मैल्यातले जंतू असले तर ते वायू सोडतात आणि उलट्या नळीत बुडबुडा धरतो. चोवीस तासांनी बुडबुडा दिसला तर पाण्यावर संशय घ्यायचा. नाही दिसला तर मात्र लगेच निकाल द्यायचा नाही. नळ्या पुन्हा उबेत ठेवून अठ्ठेचाळीस तास पुरे होऊ द्यायचे. पाण्यातले काही जंतू अर्धमेले झालेले असतात, त्यांना सावरायला वेळ लागतो.

जालना जिल्ह्यातल्या ज्या कॉलेजात सर शिकवत होते, तिथं येणारी बहुतेक मुलं मराठी शाळांतून आलेली. सुरुवातीची वीस वर्षं सरांनी आठशे पानांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक लावलं. त्याच्या चार प्रती लायब्ररीत होत्या, त्यातल्या दोन कायम कपाटात असत, कारण नेणारी पोरं त्या आठवड्याच्या आत परत आणून देत. एका वर्षी निकाल एकतीस टक्के लागला. प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं, की असंच चाललं तर पुढच्या वर्षी प्रवेश होणार नाहीत आणि विभाग बंद करावा लागेल.

त्याच जूनमध्ये एक गाईड आलं. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. प्रश्न आणि उत्तरं, मागे पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका. सरांनी रिवाजाप्रमाणे पान काढलं. चोवीस तासांनी बुडबुडा नसल्यास पाणी पिण्यायोग्य समजावे, असं लिहून तिथं मुद्दा संपवला होता. सरांनी गाईड बाजूला ठेवलं. मग दिवसभर दुसरी पुस्तकं चाळून संध्याकाळी पुन्हा हातात घेतलं. बाकी पुस्तक वाईट नव्हतं. पेशीची भिंत, किण्वन, लसी, सगळं पोरांना समजेल अशा भाषेत उतरवलेलं होतं. एका ओळीसाठी एवढं सोडायचं का, असं त्यांनी स्वतःला विचारलं आणि यादीत गाईडचं नाव लिहिलं.

प्रकाशकाला त्यांनी पत्र पाठवलं. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू, असं उत्तर आलं. पुढची आवृत्ती नव्या मुखपृष्ठाची निघाली, पान तेच राहिलं. मग सरांनी आपल्यापुरता तोडगा काढला. दर वर्षी त्या धड्याच्या तासाला ते सगळ्यांना पान उघडायला लावत, पेन्सिलीनं समासात ‘४८ तास’ लिहायला सांगत आणि बाकांमधून फिरून प्रत्येकाचं पुस्तक बघत. निकाल चौऱ्याहत्तर टक्क्यांवर गेला. गॅदरिंगला प्राचार्यांनी सरांना शाल आणि श्रीफळ दिलं.

मग कोरोना आला. दोन वर्षं प्रयोगशाळेला कुलूप होतं. सर घरातून मोबाईलवर शिकवत. रेंज नसली की धडा आवाजात रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकत. पाण्याच्या धड्याच्या दिवशी त्यांना स्वतःला ताप होता. त्यांनी ग्रुपवर गाईडची पानं नेमून दिली, वाचून घ्या म्हणाले आणि झोपले. पेन्सिलीचं सांगायचं राहून गेलं. बरे झाल्यावर ते पुढच्या धड्याला लागले.

त्याच बॅचमध्ये वाटूरचा आदिनाथ होता. वडील रामराव शेती करायचे. पोरगा शांत, अक्षर मोत्यासारखं. पास झाल्यावर गावाजवळच्या जारच्या प्लांटवर त्याला काम मिळालं. मालकाला ‘तपासलेले शुद्ध पाणी’ अशी पाटी लावायची होती, म्हणून त्यानं एका खोलीत छोटी लॅब मांडून दिली. आदिनाथ दर सोमवारी नळ्या लावायचा, मंगळवारी बघायचा आणि रिपोर्टवर सही करायचा. नोकरी लागल्यावर तो सरांकडे पेढे घेऊन आला होता. माझा पोरगा लॅबमध्ये आहे, असं रामराव चारचौघांत सांगायचे.

एका वैशाखात वाटूरच्या पुंजारामच्या घरी बारसं होतं. आठ वर्षांनी पाळणा हलला होता. पुंजारामची आई पुष्पाबाई महिनाभर आधीपासून घर सारवत, दळत, पाहुण्यांची नावं आठवत होती. पाण्याचे जार आदिनाथच्या प्लांटवरून आले. सोमवारी त्यानं नळ्या लावल्या होत्या. मंगळवारी सकाळी एकाही नळीत बुडबुडा नव्हता. त्यानं सही केली आणि दुपारी जार रवाना झाले. लग्नसराईची घाई होती, नळ्या धुवायला वेळ नव्हता, म्हणून त्यानं त्या इनक्युबेटरमध्येच राहू दिल्या. बुधवारी बारसं झालं. गुरुवारी उजाडता उजाडता अर्ध्या आळीला उलट्या-जुलाब सुरू झाले. पस्तीसेक माणसं दवाखान्यात गेली. बाकीची हळूहळू सावरली. पुष्पाबाईंना जालन्याला हलवलं, पण त्यांची लघवी बंद झाली आणि शुक्रवारी त्या गेल्या.

प्लांटच्या साठवणीच्या टाकीला खालून चीर गेली होती आणि शेजारच्या गटारीचं पाणी तिच्यात पाझरत होतं, हे पुढं तपासात निघालं. पण गुरुवारी दुपारी, अजून कुणी तपासाला आलेलं नव्हतं तेव्हा, आदिनाथनं इनक्युबेटर उघडला. पाच नळ्यांपैकी तीन नळ्यांत बुडबुडे होते.

रविवारी तो सरांच्या घरी आला. चप्पल दारात काढून बराच वेळ उभाच राहिला. सरांनी बस म्हटल्यावर बसला. गाईड त्यानं आणलं होतं, आपलं नव्हे, दुसऱ्या कुणाचं तरी. सगळं सविस्तर सांगून झाल्यावर त्यानं ते पान उघडून सरांपुढं धरलं.

“वरच्या वर्गातल्या प्रितमचं हाय. त्याच्यात पेन्सिलीनं अठ्ठेचाळीस लिवलंय. तुम्ही आमाला बी सांगितलंच असंल, सर. माझ्याच ध्यानातून गेलं.”

सरांच्या तोंडात शब्द आला होता. नाही, सांगितलं नव्हतं, एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी पोराच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पानाकडे. मग आत वळून ताराबाईंना चहा टाकायला सांगितलं. आदिनाथनं चहा अर्धाच घेतला. जाताना तो सरांच्या पाया पडला.

पुढचे अकरा दिवस सर नेहमीसारखे कॉलेजला गेले. परीक्षेचे पेपर तपासले. रोज आंघोळ करताना ठरवत, की आज वाटूरला जायचं. रोज काहीतरी निघायचं. बाराव्या दिवशी त्यांचं जेवण ताटात तसंच राहिलेलं पाहून ताराबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा सगळं बोलून टाकलं. ताराबाई म्हणाल्या, “अहो, आजच जाऊन सांगा. उद्या सांगाल तर उद्याचं पाप वेगळं मांडावं लागेल.”

सर त्याच दुपारी चौकशी अधिकाऱ्यांकडे गेले. उशीर झालेला होता. आदिनाथचा जबाब चार दिवसांपूर्वीच नोंदवला गेला होता. योग्य पद्धत मला कॉलेजात शिकवलेली होती, माझ्या हलगर्जीपणामुळे मी ती पाळली नाही, असं त्यानं स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहून खाली सही केली होती. सरांनी आपला जबाब दिला. पुस्तक चुकीचं आहे, ते मी माहीत असून निवडलं, आणि या मुलाच्या वर्गाला मी चूक सांगितलेली नाही. अधिकारी माणूस भला होता. त्यानं सगळं लिहून घेतलं, गाईडचं पानही जोडलं. मग चष्मा काढून म्हणाला, “सर, पोरगा म्हणतो शिकवलं होतं. तुम्ही म्हणता शिकवलं नव्हतं. वाचणारा काय समजेल? मास्तर आपल्या विद्यार्थ्याला वाचवून राह्यलेत, असंच समजेल.”

त्यानं विचारलं, की त्या दिवशी ग्रुपवर जे टाकलं होतं, ते आहे का. सरांनी तेव्हाचा फोन कधीच बदलला होता. मुलांच्या ग्रुपवरही जुनं काही उरलेलं नव्हतं.

तिथून निघून सर पुंजारामकडे गेले. दारात माणसं बसलेली होती. तेरावं होऊन गेलं होतं. सरांनी त्याला बाजूला घेतलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं, की आदिनाथवर राग धरू नका, चुकीचं पुस्तक त्याच्या हातात मी दिलं होतं. पुंजारामनं सगळं ऐकून घेतलं. आत बाळ रडत होतं, त्याची बायको त्याला थोपटत होती.

“तुम्ही पुस्तकाचं सांगून राह्यले, सर,” तो म्हणाला. “मला पुस्तकातलं काई कळत न्हाई. माझी माय नातवाला पाळण्यात घालाया उठल्ती. तिनं त्याचं नाव बराबर एक डाव घेतलं. दुसऱ्या डावाला ती न्हाई राह्यली. आता ह्यात मी पुस्तक कुठं ठिवू?”

पुंजारामनं त्यांना पाणी विचारलं नाही, आणि ते बरंच झालं, असं त्यांना वाटलं.

मालकावर आणि आदिनाथवर गुन्हा दाखल झाला. दोघं जामिनावर सुटले. मालकाच्या वकिलानं सांगितलं, की आम्ही शिकलेला माणूस ठेवला होता, त्याच्या सहीवर विसंबलो. प्लांट बंद पडला. काही महिन्यांनी दुसऱ्या रस्त्याला, दुसऱ्या नावानं, मेहुण्याच्या मालकीचा नवा प्लांट निघाला. आदिनाथ जालन्यात एका बियाणं कंपनीच्या गोदामात पोती शिवायला लागला. लॅबचं नाव काढलं की रामराव उठून जायचे.

त्या जूनमध्ये सरांनी गाईड यादीतून काढलं. पुन्हा जाड इंग्रजी पुस्तक लावलं आणि सोबत स्वतःच्या हातानं लिहिलेल्या मराठी टिपा दिल्या. टिपा चांगल्या होत्या, पण परीक्षेला पुरेशा नव्हत्या. पोरांनी जालन्याच्या दुकानातून गाईड आणलं आणि वहीखाली लपवून वाचलं. निकाल बेचाळीस टक्के लागला. सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी तासिकेवर आलेल्या संध्या मॅडम एकदा त्यांना भेटायला आल्या होत्या. गाईड परत लावलंय, सर, असं त्यांनी मान खाली घालून सांगितलं. नाहीतर मला पुढच्या वर्षी ठेवणार नाहीत, असंही म्हणाल्या. सरांनी त्यांना एकच गोष्ट नीट समजावून सांगितली, दोनदा सांगितली. त्यांनी ती फोनमध्ये टिपून घेतली.

कोर्टाच्या तारखांना सर जायचे. ताराबाई डबा बांधून द्यायच्या. सर मागच्या बाकावर बसत. पुकारा व्हायचा, वकील काहीतरी बोलत, पुढची तारीख पडायची. त्यांची साक्ष व्हायची होती, पण तिची पाळी येत नव्हती. पहिल्या तीन-चार तारखांना आदिनाथनं नुसती मान हलवली. पाचव्या तारखेला तो बाहेर लिंबाखाली सरांजवळ आला. हाताच्या बोटांना सुतळीचे घट्टे पडलेले होते.

“सर, तुम्ही येत जाऊ नका,” तो हळूच म्हणाला.

सर म्हणाले, की साक्षीला तर यावंच लागेल.

“साक्षीला या. बाकी नका येऊ. तुम्ही दिसले की मला वाटाया लागतं, चूक माझी न्हवती. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मंग घरी गेलो की पुष्पाकाकूचं दार लागतं आमच्या वाटेवर. हे दोन्ही मला जमत न्हाई, सर.”

तो रागानं बोलत नव्हता. त्यानं सरांना स्टँडपर्यंत सोडलं, बसमध्ये जागा धरून दिली आणि स्वतः वाटूरच्या गाडीची वाट बघत उभा राहिला.

पुढच्या तारखेला सर सकाळी तयार झाले. इस्त्रीचा शर्ट घातला, डबा पिशवीत ठेवला. मग ओट्यावर बसून राहिले. साडेदहाची बस रस्त्यावरून गेली. ताराबाई आतून पाहत होत्या. बाराच्या सुमाराला सरांनी पिशवीतून डबा काढला आणि दोघांनी मिळून तो खाल्ला. संध्याकाळी आदिनाथच्या वकिलाला फोन केला तेव्हा कळलं, की आज न्यायाधीश रजेवर होते आणि तारीख पुढं ढकलली गेली आहे. आदिनाथ आला होता का, असं सरांनी विचारलं. आला होता, वकील म्हणाला, एकटाच होता, पाच वाजेपर्यंत बसून गेला.