राणी कलरचं सील

वायरचे तुकडे आणि किस्से, आमच्या दुकानात दोन्ही रोज झाडून काढले तरी संध्याकाळपर्यंत पुन्हा साठतात. इंदिरानगरला आमचं कार ऑडिओचं दुकान आहे. मालक भाऊ, आणि मी बारा वर्षं त्यांच्या हाताखाली. बेस वाजवणारा सबवूफर आणि त्याला ताकद पुरवणारा अँप्लिफायर यांची पत्रिका जुळल्याशिवाय भाऊ गाडीला स्क्रू लावू देत नाहीत.

एकदा एक गिऱ्हाईक ऑनलाइन मागवलेला अँप घेऊन आलं. खोक्यावर छापलेलं, पाच हजार वॅट! भाऊंनी खोकं बाजूला सारलं आणि अँपचा फ्यूज काढून पाहिला. वीस अँपिअरचा, म्हणजे गाडीच्या बारा व्होल्टवर जेमतेम अडीचशे वॅट.
"दादा, एवढ्यात घरचा मिक्सरसुद्धा फिरणार नाही."
"मग पाच हजार?"
"ते खोक्याचे आहेत."

हरसूलला जीप चालवणारा एक जण होता. त्याचा सब अँपला न झेपणारा, त्यामुळे अँप तापायचा आणि बंद पडायचा. हा मात्र निवांत होता.
"आमच्या डोंगरात रेंज नाय ना भाऊ, म्हणून गाणं बंद पडतं."
"गाणी लावतोस कशावर?"
"पेनड्राइव्हवर."
भाऊंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

माझीही फजिती सांगतो. मी नवीन असताना एका गाडीत दोन सब बसवले आणि एकाच्या वायरी उलट्या जोडल्या. आवाज वाढवावा तसा बेस गायब! तीन तास मी घाम गाळला. शेवटी भाऊ मागच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "एक बाहेर ढकलतोय, दुसरा आत ओढतोय. आपलं दोघांचं सकाळपासून असंच चाललंय."

पण देवळ्याच्या नानांची सर कुणालाच नाही.

आधी सीलचं सांगतो. अँपवर गेनचा, म्हणजे ताकद कमीजास्त करायचा, एक छोटा स्क्रू असतो. सबला झेपेल तेवढाच भाऊ तो फिरवतात आणि त्यावर वहिनींच्या नेलपॉलिशचा ठिपका देतात, राणी कलरचा. ठिपका तडकलेला दिसला, की कुणीतरी गेन वाढवलाय. भिंतीवर पाटीच आहे, 'सील शाबूत असताना सब जळला तर नवा फुकट.' त्या पाटीवर भाऊंचा फार जीव. एवढ्या वर्षांत एकदाही कुणाला नवा द्यावा लागला नव्हता.

नाना कांद्याचे व्यापारी. सब बसवला तेव्हाच कुरकुरत होते, "एवढाच आवाज? पुतण्याच्या हळदीला गावाला कळाया नको?"

हळद झाली आणि चौथ्या दिवशी नाना बायकोला घेऊन हजर. डिकी उघडताच जळका वास आला.
"आमी हात बी लावला नाय. तुमचं सील बघा."
सील शाबूत होतं. राणी कलर, गोल ठिपका.

भाऊंचा चेहरा उतरला. नवा सब द्यावा लागणार याचं त्यांना काही नव्हतं, आपलं जुळवणं चुकलं हे त्यांना लागलं होतं. मलाही फार वाईट वाटलं. भाऊ बराच वेळ वाकून तो ठिपका बघत राहिले. मग त्यांनी नवा सब काढला, बसवला आणि गेन परत लावला. सील करायला त्यांनी ड्रॉवर उघडला आणि लगेच बंद केला.

"आमची बाटली संपली वाटतं. ताई, तुमच्याकडे नेलपॉलिश असेल तर द्या ना जरा."

आमची बाटली अर्धी भरलेली होती, मी सकाळीच पाहिली होती.

ताईंनी हसून पर्स उघडली आणि बाटली पुढे केली. राणी कलर.

नानांनी कपाळाला हात लावला.

"तुला म्हनलं व्हतं ना, पर्स घरी ठेव."