चिंचेनं घासलेल्या चकत्या

दिरांच्या तांब्याच्या चार चकत्या मी चिंच-राखेनं घासल्या. माझ्या आयुष्यातला हा सर्वांत चकचकीत मूर्खपणा. मॅट्रिकला शास्त्रात चांगले गुण मिळवलेली सून होते ना मी!

निजाम जाऊन दहाएक वर्षं झाली असतील. धाकटे दीर अणुशास्त्र शिकत. मुंबईहून चकत्या घेऊन आपल्या प्रयोगशाळेकडं परतताना ते दोन दिवस तुळजापुरात घरी थांबले. प्रवासाला न्यायची वस्तू आधी देवापुढं मांडायची, ही मामंजींची रीत. सकाळी देवांची भांडी घासताना त्या मळकट चकत्या दिसल्या, मग काय! लख्ख केल्या, डबीत भरल्या. दीर देवळातून आले आणि डबी न उघडताच गेले. पुढं तांबं आपोआप काळवंडलं असणार. त्यांना संशयच आला नाही.

पहिलं पत्र मामंजींनी मोठ्यानं वाचलं. चकत्यांवर बोरॉनचा श्वासाइतका पातळ थर आहे. त्यावर हळू वेगाचे प्रोटॉन सोडायचे. लाखो वाया जातात. एखादा अणूच्या गाभ्यात शिरून मुरतो, तेव्हा किरण बाहेर पडतो. तो मोजायचा. ‘अजून एकही नाही. संक्रांतीपर्यंत आकडा आला नाही, तर सर माझी जागा दुसऱ्याला देतील.’

मी मळ म्हणून घासला, तो हाच थर! तव्यावरची भाकरी करपली.

“लक्ष कुठंय सूनबाई?” मामंजी म्हणाले.

“इथंच की.”

दर पत्र आधीच्यापेक्षा आखूड येई. यंत्र खोललं, पुन्हा जोडलं. नळ्या बदलल्या. मग, ‘माझीच मोजणी चुकते वाटतं.’ मी ऐकायची आणि पीठ मळायची. सांगायला तोंड उघडलं की मामंजींचा चष्मा दिसे. शूर बाई!

मग पत्रंच थांबली. संक्रांतीनंतर दीर वळकटी घेऊन एस्टीतून उतरले. गालफडं बसलेली. मामंजी विचारत राहिले, ते आत निघून आले. चुलीपाशी पाणी मागायला आले, तेव्हा मी सगळं सांगितलं.

त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

“चारी?”

“चारी, भाऊजी.”

“वहिनी, हे आमच्या सरांना तुमच्या हातानं लिहून द्या. म्या सांगितलं तर कुणी मानणार न्हाय. चिंच लिहा, राख बी लिहा. आणि कधीपासून ठावं होतं, ते बी लिहा.”