जिचा धर्म मला कळला नाही

देव माझ्यावर रागावला आहे, असं मला त्या उन्हाळ्यात अगदी खरं वाटलं होतं. दवाखान्याच्या खाटेवर मी पडून होते, हातापायांतली शक्ती गेलेली होती आणि चादरीवर ठेवलेली माझी बोटं मलाच परकी वाटत होती. मनात एकच प्रश्न फिरत राही, की मी नेमकं कोणाचं काय बिघडवलं? प्रार्थना करावी म्हटलं तर कोणाचं नाव घ्यायचं तेही उमगत नव्हतं. हे असं का झालं, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

मी विणकर आहे. माहेर सेलूचं. तिथे आमचं कापडाचं दुकान होतं आणि ताग्यांच्या वासात मी वाढले, पण कापड विकण्यापेक्षा ते होतं कसं याचीच मला ओढ. नव्वदच्या सुमारास लग्न होऊन पिपरी मेघेला आले. यजमान शाळेत शिक्षक. त्यांच्याच आग्रहाने वर्ध्यात विणकाम शिकले आणि घरातल्या समोरच्या खोलीत हातमाग बसवला. सासूबाईंनी एवढंच सांगितलं, "खोली तुयी, खटखट तुयी. दुपारच्याले तेवढं मले झोपू देत जाजो."

पहिलं मोठं काम आमच्या भागातल्या देवीच्या नवरात्रातल्या वस्त्राचं. ते पाहून पुलगावकडच्या एका लहानशा चर्चचे फादर घरी आले. मूळचे केरळचे, मराठी आणि हिंदी मिसळून बोलायचे. त्यांना प्रार्थनेच्या वेदीवर घालायला कापड हवं होतं, काठाला गहू आणि द्राक्षं विणलेलं. मी म्हटलं, गव्हाच्या ओंब्या जमतील, पण द्राक्षाचा वेल मी कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही. ते हसून म्हणाले, "बाई, जो आपके खेत में उगता है, वही विणा." मग मी ओंब्यांच्या मध्ये फुटलेली कापसाची बोंडं विणली. त्यानंतर दर्ग्याच्या उरुसाची चादर आली, एका विहारातल्या बुद्धमूर्तीवरचं कापडी छत आलं. प्रत्येक ठिकाणी मी आधी जाऊन बसायची. काय चालतं, काय चालत नाही, विचारून घ्यायची. दर्ग्याच्या चादरीवर पक्षी-प्राणी नको, फुलं चालतील, छतावर पिंपळाचं पान हवं, असं सगळं. माग एकच होता आणि माझ्या मनात कधी गोंधळ झाला नाही. उलट आडवं सूत घेऊन धोटा इकडून तिकडे जाताना वाटायचं, आपल्याला किती घरांत जायला मिळतं.

काही वर्षांनी देवळाच्या पंचांपैकी एक वयस्कर गृहस्थ घरी आले. माणूस सभ्य होता. चहा अर्धा झाल्यावर खाली बघत म्हणाले, "ताई, तुमच्या हातात कला हाय, नाई म्हनत नाई. पन लोकं बोलून राह्यले. दर्ग्याची चादर अन् देवीचं वस्त्र एकाच मागावरचं नको म्हनतात." पुढच्या नवरात्राचं काम माझ्याकडे येणार नाही, एवढं मला कळलं. ते गेल्यावर यजमानांनी कप उचलून नेले आणि आम्ही दोघांनी तो विषय काढायचं टाळलं. पण मागावर बसलं की हात जड व्हायचा. आपण सगळ्यांचे म्हणता म्हणता कोणाचेच उरलो नाही की काय, ही शंका तेव्हा प्रथम मनात शिरली.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांत मला ताप आला. ताप उतरला, पण पायांना मुंग्या यायला लागल्या. एका सकाळी उभं राहता येईना, संध्याकाळपर्यंत हातातून पेला सुटला. यजमानांनी शेजाऱ्यांची गाडी बोलावून मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की शरीराची रोगाशी लढणारी ताकद चुकून स्वतःच्याच नसांवर उलटली आहे. बरेच रोगी यातून उठतात. हात मात्र पहिल्यासारखे चालतील की नाही, हे आज सांगता येणार नाही. श्वासावर आजार चढतो की काय, म्हणून सुरुवातीचे दिवस फार काळजीचे गेले. तो चढला नाही. पण मी हलतही नव्हते.

अशात सासूबाईंची बहीण मला बघायला आली आणि खाटेशी उभी राहूनच म्हणाली, "साऱ्याच देवाईचे कपडे इनत बसली, कोन्या एकाची झाली नाई. मंग हे असं होते."

"तू गप राय," सासूबाई तिच्यावर ओरडल्या. पण ते शब्द माझ्या आत जाऊन बसले होते. देवीचं नाव घ्यायला जावं तर चादर आठवे. येशूला हाक मारावी तर वाटे, मी त्यांची कुठे? डोळ्यांच्या कडांनी पाणी उशीवर उतरे आणि ते पुसायलाही मला दुसऱ्याचा हात लागत असे.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की दिवसभर कोणीतरी माझी बोटं उघडमीट करत राहायला हवं, नाहीतर सांधे आखडतील. यजमानांच्या शाळेत परीक्षा सुरू होत्या, ते संध्याकाळी येत. सासूबाईंची मनगटं थोड्या वेळात दुखायला लागत. समोरच्या खाटेवर एक बाई होती, तिच्याजवळ तिची नणंद राहायची. साठीच्या आसपासची, डोक्यावर पदर, गळा मोकळा, कपाळ मोकळं. सगळा वॉर्ड तिला मावशी म्हणे. एका दुपारी ती उठून आली, सासूबाईंना म्हणाली, "सरका, तुमी जरा पाठ टेका," आणि माझा हात मांडीवर घेऊन बसली. त्या दिवसापासून तिची भावजय झोपली, की ती माझ्याकडे येई.

पहिल्यांदा तिनेच विचारलं, "काऊन रडून राह्यली वं बाई?"

मी तिला सगळं सांगितलं. देवीचं वस्त्र, चादर, चर्चचं कापड, विहारातलं छत, पंचांचं बोलणं, मावससासूबाईंचं बोलणं. इतकं मी यजमानांनाही सांगितलं नव्हतं. ती ऐकता ऐकता एकेक बोट उघडत होती, मिटत होती. मी थांबल्यावर तिने माझा दुसरा हात मांडीवर घेतला. मग म्हणाली, "माह्या लेकरायले शेजारनीनं कपडे घातले, तं मी तिच्यावर काऊन रागावू? मले तं बरंच वाटंन." आणि लगेच, जणू काही विशेष बोललीच नाही अशी, "आता अंगठा हलवून पाह्य."

अंगठा हलला नाही. पण मला त्या दुपारी झोप लागली, किती दिवसांनी लागली कोण जाणे. जागी झाले तेव्हा छातीवरचं ओझं उतरलेलं होतं. हात तसाच निर्जीव होता आणि तरीही मी सुटल्यासारखी झाले होते. बरं व्हायचं की नाही ते व्हायचं तसं होवो, पण माझ्यावर कोणी रागावलेलं नाही, एवढं मला आतून कळलं होतं.

सासूबाईंना मात्र तिच्या घराण्याची उत्सुकता. त्यांनी विचारलं, "कोनाच्या घरच्या तुमी?" ती म्हणाली, "आर्वीकडची हाओ." एवढंच. देवीचा अंगारा आला, तो तिने स्वतःच्याही कपाळाला लावला. फादर येऊन खाटेशी प्रार्थना करून गेले, तेव्हा ती पदर सावरून मान खाली घालून उभी राहिली. दर्ग्यातून आलेली शिरणी तिने खाल्ली, विहारातल्या बायकांनी म्हटलेली वंदना तिने हात जोडून ऐकली. मी बारकाईने बघत असे, कारण मला जाणून घ्यायचं होतं, की हिला माझ्याकडे कोणी पाठवलं. मला काही कळलं नाही. ती कोणी दैवी होती असंही मी म्हणणार नाही. तिचे गुडघे दुखायचे आणि पाण्यावरून ती वॉर्डातल्या आयांशी चांगली भांडायची.

एका सकाळी माझा अंगठा तिच्या तळहातावर किंचित दाबला गेला. मी श्वास रोखून तिच्याकडे बघितलं. "हं. चाल्लं," ती म्हणाली आणि पुढचं बोट धरलं. सासूबाई मात्र तोंडाला पदर लावून रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी मला तपासणीसाठी खाली नेलं होतं. परत आले तर समोरची खाट रिकामी. मावशीच्या भावजयीला घरी सोडलं होतं. जाण्याआधी ती थोडा वेळ माझी वाट बघत थांबली होती, पण गावची गाडी चुकली असती, असं शेजारच्या बाईने सांगितलं. नाव मी कधी विचारलंच नव्हतं. मावशी म्हटलं की ती यायची, तेवढं पुरत होतं.

डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणेच आजार हळूहळू उतरला. चमचा धरता आला, मग वेणी घालता आली. दिवाळीनंतर मी पुन्हा मागावर बसले. पहिलं कापड साधं पांढरं विणलं, कोणतीही खूण नसलेलं. काठ वाकडेतिकडे आले, तरी मी ते काढून टाकलं नाही. ते मावशीला द्यायचं होतं. यजमान आणि मी आर्वीला जाऊन दोन-चार ठिकाणी विचारून आलो, पण नावाशिवाय कोण सांगणार? मग ते घेऊन दवाखान्यात गेलो, वाटलं तिथे कोणाला ठाऊक असेल. कोणालाच नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, "कापड आणलंच आहे तर त्या आजींच्या अंगावर घाला, थंडी वाजून आली आहे त्यांना." खाटेवर एक अनोळखी म्हातारी कुडकुडत होती. मी ते तिच्या अंगावर पसरलं, पायांकडून नीट खोचलं. तिने डोळे न उघडताच ते हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

पुढे मी पुष्कळ विणलं. देवळाचं कामही काही वर्षांनी परत आलं, तेच गृहस्थ संकोचत सांगायला आले. मला आनंद झाला, पण मी त्याची वाट बघत बसलेली नव्हते. कापड कोणाकडे पोचतं, कोणाला चालतं, ते ठरवणं माझ्याकडे नाही. माझ्याकडे हात दिले आहेत, आणि तेही एकदा काढून घेऊन परत दिलेले. हे ज्याने केलं, त्याला कोणत्या नावाने हाक मारायची हे मला आजही ठाऊक नाही. मी मागावर बसते, डोळे मिटून थोडा वेळ गप्प राहते, आणि कामाला लागते.