वाफ्यातले टोमॅटो संपत आले तेव्हा

आमचं पहिलं मूल चार दिवस जगलं. मुलगा होता. पुण्याच्या इस्पितळात बाळंतपण झालं होतं, आणि पाचव्या दिवशी सकाळी तो गेला तेव्हा बायको तापात होती. काय झालं ते तिला नीट कळायला आणखी दोन दिवस लागले. पंधरवड्यानं मी तिला घेऊन चिंचवडला, आमच्या भाड्याच्या खोलीवर परत आलो.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चिंचवड तेव्हा गावच होतं, पण पिंपरीकडे कारखाने निघू लागले होते. त्यातल्याच एकात मी फिटर होतो. सकाळी सातची शिफ्ट, जायला-यायला सायकल. मी नगरकडचा, बायको कराडकडची. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपणाला माहेरी धाडता आलं नव्हतं. आम्हाला इथं जवळचं माणूस म्हणजे घरमालकीण. जुन्या गावातली शेतकरीण, पन्नाशीची, विधवा. आम्ही तिला मावशी म्हणत असू.

खोलीच्या मागं मावशींच्या मळ्याची एक चिंचोळी पट्टी पडीक होती. दिवाळीनंतर बायकोनं ती मागून घेतली आणि तिच्या वडिलांनी पाठवलेलं बी टाकून टोमॅटोची रोपं केली. सातवा महिना चालू होता. मी नको म्हणायचो, तरी ती खुरपं घेऊन बसायची. तिच्याकडे टोमॅटोला भेदरं म्हणत. माझ्या आईला ते लालभडक फळ स्वयंपाकात चालत नसे, त्यामुळं लग्नापर्यंत मी ते फारसं खाल्लंही नव्हतं.

आम्ही परत आलो तेव्हा ती झाडं कामट्यांच्या आधारानं कमरेएवढी झाली होती आणि फळं लालीला आली होती. बायकोनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

ती जेवेना. भाकरी समोर ठेवली की बोटांनी तिचे बारीक बारीक तुकडे करी आणि ताट सरकवून देई. भात तोंडात घेतला की उमासा येई. दूध मात्र तिला येत होतं. पोलकं ओलं होई आणि ती चटकन पदर ओढून घेई. मावशींनी जुन्या लुगड्याची पट्टी तिच्या छातीला घट्ट बांधली. बाहेर येऊन मला म्हणाल्या, की पोर अशीच उपाशी राहिली तर महिनाभर काढायची न्हाई.

एका संध्याकाळी मी तिला विचारलं, इस्पितळात तू काय खात होतीस? मग ती म्हणाली, "तिथली एक नर्सबाई डबलरोटीत भेदरं घालून खायची. एकदा अर्धं मला दिलं होतं."

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर मी सायकल तशीच पिंपरीच्या कॅम्पात घातली. फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांची ती वस्ती. तिथं एका भट्टीवर डबलरोटी मिळे. मावशींकडून वाटीभर लोणी आणलं. वाफ्यातले दोन पिकलेले टोमॅटो तोडले. ते उन्हानं कोमट झाले होते. सुरीला धार नव्हती, चकत्या वेड्यावाकड्या झाल्या. लोणी, टोमॅटो, मीठ, मिरपूड, वरून पावाचा दुसरा काप. तिला हाताला धरून मागच्या दगडावर आणून बसवलं आणि ते हातात दिलं.

तिनं सगळं खाल्लं. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, तो तिनं पुसलाही नाही.

मग रोज तेच चाललं. साडेतीनला मी घरी येई, दोन सँडविचं करी आणि आम्ही त्या दगडावर बसून खात असू. दिवसभरात तिच्या पोटात जाई ते एवढंच. मला हे सांगायला आजही लाज वाटते, पण मला ते फार आवडायचं. पाव ताजा असे, लोण्याला किंचित आंबूस वास असे, आणि टोमॅटोचा दाट, आंबट-गोड रस जिभेवर मिठाबरोबर पसरला की डोळे मिटून घ्यावेसे वाटत. मूल जाऊन महिना झाला नव्हता आणि मी कारखान्यात कानस मारताना साडेतीनची वाट बघत होतो. आम्ही बोलत नव्हतो. मला तेही बरंच वाटत होतं. तिनं मुलाबद्दल काही विचारू नये म्हणून मी तिला खायला घालत होतो की काय, अशी शंका आता येते. तेव्हा तसं सुचलं नाही.

होळी झाली आणि ऊन एकदम चढलं. झाडांची खालची पानं पिवळी पडून गळू लागली. नवी फुलं दोन दिवसांत जळून जात. फळं लिंबाएवढीच राहू लागली आणि सालीवर पांढरे चट्टे पडले. मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आता ह्याला काय यायाचं न्हाई. उपटून टाका, राव."

मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी राहिलो. आणखी पंधरा दिवस राहू द्या म्हणालो. व्हय म्हणाल्या, पण विहिरीला पाणी उरलं नव्हतं. जे होतं ते त्यांच्या कांद्याला लागत होतं. मग मी सायकलला दोन पत्र्याचे डबे बांधले आणि पवना नदीवरून पाणी आणू लागलो. शिफ्टच्या आधी दोन खेपा, नंतर तीन. चढावर सायकल ढकलावी लागे, निम्मं पाणी हिंदकळून जाई. झाडांवर पोती बांधून सावली केली. कारखान्यात दोनदा उशीर झाला, एकदा गेलोच नाही. साहेबांनी बोलावून सांगितलं की पुन्हा असं झालं तर कामावर यायची गरज नाही. मी मान हलवली आणि बाहेर येऊन पहिला विचार केला तो हा, की आज संध्याकाळचा टोमॅटो पिकला असेल का.

आता दोघांत एकच सँडविच होई. मी माझं पोट भरलंय म्हणून सांगे. बायको अर्धं खाई आणि उरलेलं माझ्या हातात ठेवी.

एका रविवारी मी सायकलनं पुण्याच्या मंडईत गेलो आणि चांगले टपोरे टोमॅटो घेऊन आलो. तिला न सांगता सँडविच केलं. तिनं एक घास घेतला, थोडा वेळ तोंडात धरला आणि बाकीचं माझ्यापुढं ठेवलं.

"हे आपले नाहीत," ती म्हणाली.

सकाळपासून उन्हातनं आलो होतो. तळहातांवर डब्यांच्या दोरीचे वळ होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग मर उपाशी. मी तरी सुटेन."

मी पिशवी तिथंच टाकली आणि नदीवर जाऊन बसलो. तास-दीड तास गेला असेल. उठलो तो एकदम विहीर डोळ्यांसमोर आली. पळत घरी आलो. खोली उघडी, आत कुणी नाही. मावशींना हाक मारली, त्याही नाहीत. विहिरीच्या काठावर पोटावर पालथा पडून मी आत बघितलं. तळाशी गुडघाभर पाणी आणि त्यात आभाळ.

ती मागच्या पट्टीतच होती. मी घाईत तिकडं बघितलंच नव्हतं. पदर खोचून ती झाडं उपटत होती. निम्मी उपटून झाली होती. पोती घडी करून बाजूला ठेवली होती. पदरात शेवटचे टोमॅटो होते, चार-पाच, चिरलेले, एखादा अर्धा हिरवा. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. मला धाप लागली होती.

"तुम्ही किती पाणी आणणार?" ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, कामट्या उपसता उपसता तिनं विचारलं, "त्याला कुठं ठेवलंत?"

दीड महिना मी याच प्रश्नाला भीत होतो. मी सांगितलं. इस्पितळातला एक माणूस बरोबर होता. पुण्यातच नदीच्या काठाला, बाभळी आहेत तिथं खड्डा केला. त्याला तिच्याच जुन्या साडीत गुंडाळलं होतं. ती साडी कुठली, ते तिनं विचारलं. हिरवी, म्हणालो. ती खाली बसली आणि रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रडली. मावशी कांद्याच्या वाफ्यातून धावत आल्या, तिला कुशीत घेऊन बसल्या आणि मला हातानंच जा म्हणाल्या.

त्या संध्याकाळी तिनं स्वतः सँडविच केलं. सालं जाड झाली होती, टोमॅटो आंबट होते, चव आधीसारखी नव्हती. आम्ही दोघांनी ते संपवलं. दुसऱ्या दिवशी तिनं काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी मावशींच्या हातचा चार घास ताकभात खाल्ला. मग पुन्हा एक दिवस नाही. असंच चाललं.

पुढच्या रविवारी मला तिथं घेऊन चला म्हणाली. आगगाडीनं पुण्याला गेलो, नदीच्या काठाकाठानं चालत गेलो. बाभळी होत्या, पण बऱ्याच होत्या. जमीन सगळीकडे सारखीच कोरडी, भेगाळलेली. त्या सकाळी मी कुठून उतरलो, कुठं वळलो, काही आठवेना. मी मागं-पुढं फिरलो. ती एका जागी उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिला कळू नये म्हणून शेवटी मी एका बाभळीखाली थांबलो आणि म्हणालो, "इथं."

ती तिथं बसली. हातानं माती सारखी केली. तासभर तरी बसली असेल. परत येताना स्टेशनबाहेर तिला भूक लागली. दोन भाकरी पिठल्याबरोबर खाल्ल्या आणि आणखी मागितली. मी समोर बसून बघत राहिलो.

पुढं तिला दोन मुली झाल्या. दर वर्षी माघात, तो गेला त्या महिन्यात, ती एकदा त्या बाभळीखाली जाऊन येई, झाड तोडल्यावरसुद्धा. मी प्रत्येक वेळी बरोबर असे. ती जागा मी नुसती अंदाजानं दाखवली होती, हे मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.