नामदेवचं पोट, नामदेवचा दम

सेलूला माझ्या घरी सकाळी भाकरी थापत होते, एक तव्यावर टाकलेली, तेवढ्यात पूर्णेहून भावजयीचा, सुमनचा, फोन आला. "अक्का, हे पळता पळता पडले." मी म्हटलं, "लय लागलं का?" तिनं फोन शेजारणीच्या हातात दिला... तेव्हा कळलं. महिना होत आला, अजून डोक्यात शिरत नाही. माझा धाकटा भाऊ नामदेव, फौजेतून हवालदार होऊन आलेला. बसल्या जागी गेला म्हणाले असते तर एक वेळ पटलं असतं. पण पळताना?

अंगानं तो पहिल्यापासून भरलेला. फौजेत दरसाल वजन करायचे, पोटाला टेप लावायचे आणि मग पळवायचे. टेपात हा नापास, पळण्यात सगळ्यांच्या पुढं! एकदा वजनापायी बढती अडली, तर सुट्टीत येऊन भर उन्हात स्वेटर घालून कॅनॉलच्या रस्त्यानं पळायचा, घशाला कोरड पडली तरी पाण्याला शिवायचा नाही. मी म्हणायचे, "नाम्या, घाम गाळून हाडं बारीक होतेत का रे?" तर हसायचा, "अक्का, काटा माझा दम मोजत न्हाई ना!"

निवृत्त झाल्यावर तो फौजेच्या भरतीला उतरणाऱ्या पोरींकडून पळण्याचा सराव करून घ्यायचा. त्यातली कविता थोराड हाडाची, पण पळायला वाऱ्यासारखी. वजनाच्या धास्तीनं तिनं पाणी सोडलं, तेव्हा कधी आवाज न चढवणारा माणूस कडाडला, "मी केलं ते तू करायचं न्हाई. पी आधी!"

डॉक्टर म्हणाले, हृदयाची नस बंद झाली. त्यात वजनाचा हात किती, मला कळत नाही. पण मातीला आलेली माणसं तिथंच कुजबुजली, "पोट बघितलंत ना त्याचं?" कविता मागंच उभी होती. त्या दिवसापासून तिनं जेवण टाकलं. भरती तोंडावर, आणि पोरगी चहावर...

तेराव्याला फोटो हवा म्हणून तिला सोबत घेऊन स्टुडिओत गेले. वर्दीतला फोटो, पोटावरची बटनं ताणलेली. स्टुडिओवाला भला माणूस, म्हणाला, "मावशी, कॉम्प्युटरवर पोट जरा आत घेऊ का? रुबाबदार दिसतील." मी तोंड उघडायच्या आत कविता म्हणाली, "दादा, हात लावू नका. आमचे सर असेच पळायचे."

सुमनच्या घरी येऊन तिनं पोटभर भाकरी खाल्ली. फोटो समोरच्या खोलीत लावला. नीट बघितलं, तर फोटो काढताना नाम्यानं पोट आत घ्यायला श्वास रोखून धरलेला दिसतो... आता सोडील, आता सोडील, असं वाटत मी बघत बसते.