शेठची वीस नाणी

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली त्या साली सरकारनं दहा रुपयांचं चांदीचं नाणं काढलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मूळचे आम्ही जवळच्याच भाजे गावचे. लोणावळ्यात मुंबईच्या एका शेठचा बंगला होता आणि वडील तिथे राखणदारही होते आणि माळीही. बंगल्यामागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. मी मॅट्रिक झालेली, म्हणून शेठाणी माझ्याशी जरा बऱ्यानं बोलायच्या. त्याचा मला फार अभिमान होता.

शेठना नाणी जमवायचा नाद होता. निळ्या मखमलीचे खण असलेली एक चपटी पेटी होती त्यांच्याकडे. नवं नाणं ज्या दिवशी बँकेत येईल त्याच दिवशी घ्यायचं, हा त्यांचा हट्ट. त्या वेळी स्वतःसाठी आणि व्यापारातल्या लोकांना भेट द्यायला म्हणून त्यांना वीस नाणी हवी होती. लोणावळ्याच्या बँकेत थोडीच येणार होती आणि माणशी एकच मिळेल अशी पाटी लागली होती. आदल्या दिवशी दुपारी शेठ गाडीनं आले, व्हरांड्यात बसले आणि वडिलांना म्हणाले, "उद्या सकाळी वीस माणसं पाहिजेत."

"कसली माणसं, शेठ?"

"कसलीही. रांगेत उभं राहता आलं म्हणजे झालं."

वडील हसले. मीही हसले.

त्याच दुपारी वडील आणि मी भाज्याला गेलो. चुलते, चुलत्या, चुलत भाऊ, शेजारपाजारचे, असे सोळा जण जमले. अर्ध्या दिवसाची मजुरी मिळणार, वर चहा-पाव. लावणी उरकली होती, माणसं मोकळीच होती. चार कमी पडत होते. तेव्हा वडील डोंगरावरच्या ठाकरवाडीत गेले आणि तिथून दोन बाप्ये आणि दोन बाया ठरवून आले. त्यांतली एक, जिला मी मावशी म्हणायचे. ती आमच्या बंगल्यावर जळणाच्या मोळ्या आणून टाकायची, म्हणून मी तिला लहानपणापासून ओळखत होते. वय पन्नाशीचं असेल. काटक, काळी, आणि हसली की डोळे मिटायचे. मोळी उतरवली की माझ्या आईजवळ बसून पाणी प्यायची. पाणी आई वरून ओतायची आणि ती ओंजळीनं प्यायची. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

सकाळी सगळे मळवलीहून आगगाडीनं आले. पाऊस लागला होता. वाडीच्या बायांनी इरली घेतलेली, आमच्या लोकांकडे घोंगड्या. बँकेचं दार उघडायच्या आधीच आमची रांग भिंतीला लागून उभी होती. माझं काम सोपं होतं. दाराशी उभं राहायचं, आत जाणाऱ्याच्या हातात दहाची नोट द्यायची आणि बाहेर आला की नाणं घेऊन बटव्यात टाकायचं. रस्त्यापलीकडे शेठची गाडी उभी होती आणि ड्रायव्हर आत बसून विडी ओढत होता.

गावातले दुकानदार, रेल्वेतले लोक आले, रांग बघून चिडले. "ही कुणाची वरात?" असं एक जण मोठ्यानं म्हणाला. मावशीच्या मागे एक निवृत्त मास्तर उभे होते. टोपी भिजलेली, हातात नोट घडी करून धरलेली. त्यांनी तिला विचारलं, "बाई, तुला काय करायचंय हे नाणं घेऊन?"

"मला न्हाई. शेटला पायजे."

"मग मला जाऊ दे पुढं."

मावशीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही.

आमच्या रांगेत ती शेवटची. ती आत गेली, नाणं घेऊन बाहेर आली, आणि मागोमाग खिडकीतून आवाज आला, "संपली, संपली." मास्तर तिथेच उभे राहिले. मग त्यांनी नोट खिशात ठेवली आणि छत्री न उघडताच निघून गेले. आमच्यातल्या पोरांनी त्यांच्या चालण्याची नक्कल केली. सगळे हसले.

मावशी मात्र पायरीवर थांबून नाणं बघत होती. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला झेंडा. तिनं ते पदरानं पुसलं, कपाळाला लावलं. "किती देखणं हाय गं," ती म्हणाली.

"दे इकडे."

"थांब की पोरी. बघू दे जरा."

"दे म्हणते ना." मी तिच्या बोटांतून ते ओढून घेतलं. तिला राग आला नाही. उलट हसली, डोळे मिटून.

बटवा सांभाळायचा म्हणून ड्रायव्हरनं मला गाडीत बसवलं. बाकीचे चालत निघाले. मागच्या सीटवर मी पहिल्यांदाच बसत होते. काचेतून आमची माणसं दिसत होती, रस्त्याच्या कडेनं, भिजत. माझा चुलता हात करत होता. मी हात केला नाही.

गाडी वळणावर आली तेव्हा मी बटवा उघडून एक नाणं काढलं आणि अंबाड्यात खोवलं. वरून दोन आकडे लावले. का केलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. आम्हाला खायला कमी नव्हतं. सकाळपासून वीस वेळा ती वस्तू माझ्या हातातून गेली होती आणि एकही माझी नव्हती, एवढंच. शेठ कशाला मोजतायत, असं वाटलं. इतका साधा विचारही डोक्यात आला नाही की ज्या माणसानं वीस हवीत म्हणून वीस माणसं उभी केली, तो वीस मोजणारच.

शेठ आंघोळीला गेले होते. मी बटवा टेबलावर ठेवला. थोड्या वेळानं आमचे लोक आले, मागच्या अंगणात पत्र्याखाली बसले. चहा झाला, पाव झाले. मग शेठ आले आणि त्यांनी मखमलीवर नाणी मांडायला घेतली. पाच, पाच, पाच. शेवटच्या ओळीत चार.

त्यांनी मला हाक मारली. "मोजून घेतली होतीस?"

"एकेकाकडून घेत गेले. मोजली नाहीत."

ते ओरडले नाहीत. व्हरांड्याच्या कठड्याशी येऊन उभे राहिले आणि अंगणाकडे बघून म्हणाले, "एकानं नाणं दिलेलं नाही. ते मिळेपर्यंत इथून कुणी हलायचं नाही."

पुरुषांची झडती ड्रायव्हरनं घेतली, सगळ्यांसमोर. माझ्या चुलत्याला धोतर सोडायला लावलं. तो वडिलांपेक्षा मोठा होता. वडील खाली बघत होते. बायांचं काय करायचं, असा प्रश्न आला तेव्हा शेठाणी म्हणाल्या, "ही पोरगी आहे ना आपली. हिला घेऊ दे."

आपली. तो शब्द ऐकून अशा वेळीही मला बरं वाटलं.

बागेची अवजारं ठेवायची एक खोली होती. खताची पोती, झाऱ्या, खुरपी. तिथे एकेक बाई आत यायची. मी त्यांचे केस चाचपले, निऱ्या झाडायला लावल्या, चोळीची गाठ सोडायला लावली. चुलती रडायला लागली. "अगं, मी तुला अंगावर पाजलंय," ती म्हणाली. तरी मी थांबले नाही. शेठाणी दाराबाहेर उभ्या होत्या, थांबले असते तर त्यांना कळलं असतं. आणि मला हेही कळत गेलं की झडती घेणाऱ्याकडे कुणी बघत नाही. जितकं कडक वागावं तितकं आपण सुरक्षित. मी कडक वागत गेले.

मावशी शेवटी आली. कमरेची पिशवी तिनं आपणहून पुढे केली. तंबाखू, चुन्याची डबी, सुताची गुंडी.

"लुगडं सोड," मी म्हणाले.

तिनं सोडलं. अंगावर चोळीशिवाय काही राहिलं नाही. लुगडं झाडायला म्हणून मी वाकले आणि मानेवर काहीतरी गार सरकलं. अंबाडा ढिला झाला होता. मी तशीच वाकलेली राहिले, हलायची हिंमत होईना. मावशीनं हात पुढे केला, दोन बोटांनी नाणं परत आत सारलं आणि आकडा घट्ट बसवला.

"पडंल," ती म्हणाली. इतक्या हळू की बाहेर ऐकू गेलं नसेल.

मग तिनं लुगडं उचललं आणि नेसली. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

बाहेर आल्यावर शेठनी विचारलं, "काय?"

"कुणाकडे नाही."

इथे गोष्ट संपू शकली असती. शेठ चिडले असते, मजुरी कापली असती, सगळे घरी गेले असते. पण मावशी माझ्या बाजूलाच उभी होती आणि तिला माहीत होतं. ती कधी बोलेल, कुणाला बोलेल, याचा नेम नव्हता. आधी मी बोलायला हवं, असं मला वाटलं.

"बँकेपाशी ही नाणं देत नव्हती," मी म्हणाले. "पायरीवर उभी राहून बघत होती. मला ओढून घ्यावं लागलं. गडबडीत घेतलं की नाही, आठवत नाही आता."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. सकाळपासून धुमसत असलेली आमची माणसं एकदम सुटल्यासारखी बोलायला लागली. ज्याचं धोतर सोडलं होतं तो चुलता सगळ्यांत आधी. "वाडीवालेच ते. कशाला आणलं यांना?" चुलती म्हणाली, "व्हय व्हय, मी बी बघितलं. कपाळाला लावत व्हती."

"कुठे टाकलंस?" शेठनी विचारलं.

"माज्याकडं न्हाई."

वाडीतल्या माणसांना वडिलांनी आणलं होतं. शेठची नजर वडिलांकडे गेली, फक्त गेली. वडील उठले, चार पावलं चालून गेले आणि त्यांनी मावशीच्या तोंडात मारली. एकदा, मग परत एकदा. तोवर मी वडिलांना कुणावर हात उगारताना बघितलं नव्हतं. तिच्या ओठातून रक्त आलं. ती म्हणाली, "मारा, भाऊ. पर माज्याकडं न्हाई."

हे म्हणताना ती वडिलांकडे नाही, माझ्याकडे बघत होती. वाट बघितल्यासारखी. मी पत्र्यावरून गळणाऱ्या पाण्याकडे बघत राहिले.

वाडीच्या चौघांना मजुरी न देता फाटकाबाहेर काढलं. गाडीची वेळ नव्हती, ते पावसातच चालत गेले. आमच्या सोळा जणांना मजुरी मिळाली. जाताना चुलत्यानं माझ्या पाठीवर थाप दिली. "पोरगी हुशार हाय," म्हणाला.

पुढच्या महिन्यात शेठ परत आले तेव्हा खुशीत होते. मुंबईत ती नाणी वाटेल तितकी मिळत होती म्हणे, उगाच इथे धावपळ केली. एक नाणं त्यांनी वडिलांना बक्षीस दिलं, त्या दिवशी इमान दाखवलं म्हणून. वडिलांनी ते देव्हाऱ्यात ठेवलं.

वाडीवर मात्र त्या दिवसाचा शिक्का बसला. लोणावळ्याच्या बंगल्यांतून त्यांना काम मिळेना. मोळ्याही कुणी घेईना. कार्ल्यापर्यंत ती बोलवा गेली. आईसुद्धा म्हणायची, "एवढी वर्षं घरात येत होती, कळलं नाही बघ."

दिवाळी झाल्यावर मी एकटीच वाडीवर गेले. नाणं रुमालात बांधून नेलं होतं. मावशी झोपडीपुढे नाचणी झोडत होती. माझ्याकडे बघितलं आणि झोडत राहिली. मी रुमाल सोडून नाणं तिच्यापुढे धरलं.

"मला कशाला?" ती म्हणाली. "माज्याकडं घावलं तर पुन्यांदा मारतील."

तोपर्यंत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी विचारलं, "तू सांगितलं का नाहीस तेव्हा?"

"कुनी ऐकलं असतं माजं?" हातातला दांडका तिनं खाली ठेवला. "आन मला वाटलं, तू बोलशील. भाऊंनी हात उचलला तवा तरी बोलशील."

"आता सांगू का वडिलांना?"

"सांग की," ती म्हणाली. मग परत झोडायला लागली.

मी सांगितलं नाही. वडील पुढे पंधरा वर्षं जगले. त्या दिवाळीनंतरच्या माघात माझं लग्न झालं आणि मी परंदवडीला गेले. ते नाणं मी तळेगावच्या एका सोनाराकडे मोडलं. अर्धीच चांदी आहे, म्हणाला. आलेल्या पैशांचं काय घेतलं, तेही आता आठवत नाही.

लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी भाज्याला चुलत्याकडे येत होते. कडेवर मुलगी होती. कार्ल्याच्या फाट्यावर उतरले तर रस्त्याकडेला करवंदं विकायला बाया बसल्या होत्या. त्यांत मावशी होती. वाळली होती. तिच्या पाटीतली करवंदं टपोरी होती आणि मुलगी तिकडेच हात करत होती. मी दोन पावलं गेलेही. तेवढ्यात शेजारच्या पाटीवाली म्हणाली, "तिच्याकडनं नका घेऊ, बाई. चोर हाय ती. लोनावळ्याला शेटचं चांदीचं नानं मारलंय तिनं."

मावशीनं वर बघितलं. तिनं मला ओळखलं.

"असं होय," मी म्हणाले, आणि दुसरीकडून करवंदं घेतली.